नात्याच्या रकान्यात

रेल्वे हॉस्पिटल, भुसावळ. रजिस्टरात
रुग्णाशी नाते : बायको, मुलगा, जावई.
माझ्या नावापुढे सिस्टर फालकांचं पेन अडायचं.
शेवटी त्यांनीच लिहिलं : बसणारी.

तीन वर्षं झाली. मी बसते.
गळ्यात माळ नाही, पिशवीत पोथी नाही,
नेलकटर असतं, आणि लिंबाच्या गोळ्या.

उखा नथ्थू बोरसे, खाट अकरा,
रिटायर कीमन. कजगाव ते नगरदेवळा
एकतीस वर्षं हातोडी खांद्यावर टाकून
चाव्या ठोकत चालले.
थंडीत रूळ तडकतो, तो डोळ्यांआधी कानाला कळतो,
असं सांगायचे.

तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं,
"मरानंतर काय व्हस व ताई?"
वर पंखा, एक पातं वाकलेलं.
म्हटलं, माहीत नाही, नाना.
काहीच नसावं असं वाटतं. पण माहीत नाही.
ते छताकडे बघत राहिले. मला वाटलं, चुकलंच;
एखादा गोड शब्द काय जड होता?
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"बठ मंग."

झेलाबाई कानबाईचा अंगारा घेऊन आल्या.
हात असे थरथरत होते की पुडी सुटेना.
पुडी माझ्याकडे आली.
मीच लावला,
अंगठा भरून, भुवयांच्या मधोमध, त्या सांगत होत्या तसा.
नानांनी एक डोळा मिचकावला,
माझ्या बाजूचा.

मग बोलणं थांबलं.
बोटं खाटेच्या नळीवर काहीतरी शोधत राहिली.
काय करावं ते सुचेना, म्हणून
नेलकटर काढलं आणि नळीवर ठोकलं.
टण्ण.
मान वळली.
पुढची नळी. टण्ण.
डोळे मिटून ऐकत होते, ड्यूटीवर असल्यासारखे.
पायथ्याची नळी : खड्ड.
"ढिली शे."

वाकून पाहिलं तर खरंच बोल्ट सुटलेला.
वॉर्डबॉय शकील पाना घेऊन आला,
कुरकुरत, घाम पुसत, पण आवळला त्यानं.
पुन्हा ठोकलं.
टण्ण.
"जाऊ दे आते गाडी."

आज खाट अकरावर दुसरंच कुणी झोपलंय.
बाहेर बाकड्यावर झेलाबाई,
पायाशी पिशवी : चष्मा, धोतर, चपला,
आणि डबा, कालच्या वरणासकट.
तो घासून आणला.
त्या सरकल्या थोड्या.

बसले.