कोन्या गावचं

यादीत तीनच नावं असायची.
सेतू-एक, सेतू-दोन,
आणि दारव्ह्याच्या कार्तिक ढोरेचा लॅपटॉप.
प्रिंटर अडला की तो तिथूनच आत येतो,
माझ्या पडद्यावरचा बाण
माझ्या हातावाचून चालवतो.
सवय झाली होती त्याची,
मागच्या दारानं येणाऱ्या दिरासारखी.

सोमवारी चौथं नाव दिसलं.
नाव कसलं, गाडीच्या पाटीसारखी अक्षरं नि आकडे,
आणि शेजारी हिरवा ठिपका.

आमच्या फाट्यावर कोणी अनोळखी उतरला
तर पानठेल्यापाशी पोचेस्तोवर
तिघं जण विचारतात,
कोन्या गावचे जी? कोनाकडे आले?
हा आत येऊन बसला
आणि एक कुत्रं भुंकलं नाही.

समोर देवकाबाई गेडाम.
निराधारचे पैसे पडले का पाय, म्हणाली,
आणि अंगठा पुढं केला.
निंदण-वेचणीत झिजलेला,
मशीन त्याला चार-चार वेळा नाही म्हणतं.
मी तो ओल्या फडक्यानं पुसला, कोरडा केला,
आणि काचेवर ठेवूच दिला नाही.
"नेट नाही आज, मावशी."
टॉवर फुल होता.
ती चार किलोमीटर उन्हात परत गेली.

कार्तिक फोनवर म्हणाला, पासवर्ड बदला, सगळ्यांना बाहेर काढा.
कधीपासून असेल हा?
तो जरा थांबला.
ते नाही सांगता येत, ताई.

शटर अर्धं ओढून मोजत बसले, आत काय काय आहे ते.
साडेचारशे घरांचे आधार, रेशनचे आकडे,
अकरावीतल्या पोरींचे जातीचे दाखले,
ओळखपत्रापुरते न हसलेले चेहरे.
आणि एका फोल्डरमध्ये, 'वीजबिल' नावाखाली,
माझ्या काडीमोडीचा कागद,
जो या गावात कोणी पाहिला नाही.
जेवणच गेलं नाही मग.

रात्री दप्तरातून एक जुनी पावती निघाली.
दिग्रसच्या कय्यूमभाईंना दोन हजार दोनशेला दिलेला डबा,
मागच्या स्टिकरवर तेच आकडे.
माझाच.
नवरा सुटला त्या वर्षी विकलेला,
आता कुठंतरी कोणी चालू केला होता.

खरंच का, ते पाहायला
एकदाच बटण दाबलं.
कोणीतरी लग्नाचा बायोडाटा टाइप करत होतं,
एका बोटानं, एवढं हळू.
रंग: गोरा.
मग ते खोडलं.
सावळा.
मग तेही खोडलं,
आणि ती उभी रेघ
लुकलुकत राहिली नुसती.

तिकडं कुणाला ठाऊक नव्हतं
की मी दारात उभी आहे.
चपला हातात घेऊन निघावं तशी मी निघाले.
नाव यादीतून काढलं.
विकताना आतलं पुसलं होतं का मी?
आठवत नाही.
खूप आठवून पाहिलं.

मंगळवारी देवकाबाई पुन्हा आली.
आलं का व नेट?
आलं, म्हटलं.
पाचव्या खेपेला अंगठा लागला.
काचेवरचा घाम लुगड्यानं पुसत म्हणाली,
मी मीच हाव,
हे किती डाव सांगा लागते व पोरी?