बर्फ कारखान्याची सुट्टी

देवगड बंदराला लागून आमचा बर्फाचा कारखाना.
अमोनियाचा वास पडद्यांना, उशांना,
ओजसच्या दप्तरालासुद्धा.
त्याच ओजसने विचारलं,
"आई, खरा बर्फ कुठे मिळतो?"

खरा.
म्हणजे ज्यावर सुरमई झोपलेली नाही,
जो भुशात गुंडाळून टेम्पोत चढवत नाहीत,
ज्यावरून पायांना दोन पट्ट्या बांधून माणसं
हसत हसत खाली येतात.

तेव्हापासून रोज भांडी घासून झाली की
ताटाएवढी जागा पुसून आम्ही नकाशा पसरतो.
गुरुनाथ म्हणतो, गुलमर्ग.
मी उंची वाचते.
शाल्मली चार वर्षांची, नुसती सर्दी झाली तरी
रात्रभर कान धरून बसते.
मी म्हणते, औली.
तो वळणं मोजतो.
फोंडा घाटाच्या तिसऱ्या वळणावर
ही पोरगी पिशवी मागते,
आणि पिशवी कायम माझ्याच मांडीवर.
सोलांगला म्हणे माणसांचीच जत्रा.
उरलं नारकंडा.
नाव ऐकून ओजस हसत सुटला, "नाकात कांदा!"
तिथला उतार लहान, असं कोणीतरी सांगितलं.
लहानच बरा.
पडलं तरी थोडंच पडायचं.

आणि तारखा?
दिवाळीत तिथे बर्फ पडलेला नसतो.
मे महिन्यात इथे आंबा आणि पाहुणे एकदमच पिकतात.
जानेवारीत रात्री दोनला लाँच लागते,
खालून हाक येते, चाळीस लाद्या, लवकर!
कारखान्याला सुट्टी ती एकच,
जून-जुलैत, मासेमारी बंद असताना.
आमच्याकडे बर्फ नसतो
नेमका तेव्हाच तिकडेही नसतो.

शाल्मलीने पृथ्वीचा गोल गरगरवला,
पार बुडाशी बोट टेकवलं. "इथे?"
बोटाखाली न्यूझीलंड.
आणि खरंच की, तिथे जुलैत हिवाळा!
गुरुनाथने तिकिटांचे भाव पाहिले,
काही बोलला नाही,
गोल उचलून कपाटावर ठेवला.

रविवारी पोरांनी परस्पर सराव सुरू केला.
पोफळीची विरी, घरामागचा जांभ्याचा उतार.
पुढे ओजस, त्याचा सदरा मुठीत धरून मागे ही.
पहिल्याच घसरगुंडीत दोघं करवंदीच्या जाळीत.
ओजस उठला, चड्डी झटकली,
आणि पायरीवर जाऊन बसला तो बसलाच.
शाल्मली पाच वेळा पडली.
गुडघ्यावर माती कुठली नि रक्त कुठलं कळेना.
सहाव्यांदा विरी ओढत वर निघाली,
विरी तिच्याहून लांब.
महिनाभर मी हिचे कान, हिचं पोट मोजत होते.
ओजसला भीती वाटते, हे मोजलंच नव्हतं.

दत्ताराम तांडेल कुंपणाशी उभे राहून बघत होते.
एकतीस वर्षं मिठाच्या पाण्यातून डबे उपसतायत,
हातात गोणपाटाचा तुकडा, बोटांची टोकं पांढरी.
"बर्फ बघूक इतक्या लांब? हय काय कमी असा?"
मी मोबाईलवरचा डोंगर दाखवला.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं,
पुन्हा पाहिलं.
"ह्यो आपसूक पडता?
मोटार लावूक नाय लागत?"
"नाही."
"लाईट गेली तरी?"
"तरी."
बराच वेळ ते काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, "आवाज कसो येत असात?"
मला माहीत नव्हतं.

रात्री गुरुनाथला सांगितलं.
"ते आले तर मशीन कोण बघणार?"
प्रश्न बरोबर होता.
चार दिवस, जानेवारी, लाँच,
सगळंच बरोबर होतं त्याचं.
मी विजेचं बिल उलटं केलं,
मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं:
नारकंडा. कानटोप्या. ओकारीची गोळी.
हातमोजे, पाच जोड.