डुरकणी

एप्रिल लागला की वरच्या बीचच्या रानात
तांबडे नर डुरकायला लागतात
आणि खाली माझ्या पेट्रोल पंपावर
ऑकलंडच्या गाड्यांची रांग.
जॅकेटं कोरी, किमतीची चिठ्ठी नुकतीच तोडलेली,
रायफली माझ्या गाडीहून महाग.
"गर्दी कुठे कमी असते हो?" विचारतात.
तुम्ही येईपर्यंत सगळीकडेच, असं ओठांवर येतं.
मी सुटे पैसे मोजत राहते.

आमच्या माणसांचं म्हणणं ठरलेलं :
हे आठ दिवसांचे शिकारी,
झुडूप हललं की बार काढणार.
त्यांचंही ठरलेलं :
जमीन सरकारी, म्हणजे आमचीही.
डोंगराला काय कुंपण घातलंय तुम्ही?

विटेकर खोऱ्यातल्या झोपडीत खिळ्याला एक वही टांगलेली असते.
नाव, कुठल्या ओढ्याला जाणार, परत कधी.
बाहेरचे लिहितात, अगदी नकाशातल्या आकड्यांसकट.
आमचे लिहीत नाहीत.
लिहिलं तर जागा फुटते.
मर्डो, माझा भाऊ, म्हणायचा,
"परसाकडं जाताना कुणी चिठ्ठी ठेवतं का?"

त्या सकाळी तो असाच गेला, न लिहिता,
आईने विणलेल्या मातकट स्वेटरात.
प्लास्टिकच्या नळीत तोंड घालून डुरकला.
पलीकडच्या काठावरून उत्तर आलं.
हा पुन्हा, तोही पुन्हा.
म्हातारा, भांडकुदळ नर, मर्डोने ठरवलं,
बारा फाट्यांची शिंगं तरी असणार.
चाळीस मिनिटं
दोघे एकमेकांना माजावर आणत
नेच्यांमधून सरकत राहिले.

समोर होता प्रिचर्ड नावाचा दातांचा डॉक्टर.
त्याच्या दुर्बिणीत आला एक मातकट तुकडा, हलणारा.
बोट चापावर.
तो थांबला,
शिंगं दिसेपर्यंत थांबायचं, एवढंच शिकवलं होतं त्याला.
शिंगं दिसलीच नाहीत.
दिसला एक हातरुमाल,
आणि त्यात नाक शिंकरणारा माझा भाऊ.

मग शिव्या. ओढ्याच्या दोन्ही काठांवरून,
पाण्याच्या वर आवाज चढवून.
दातांचा डॉक्टर मध्येच खाली बसला
आणि त्याला ओकारी आली.

त्या आठवड्यात बारमध्ये मर्डोने ही गोष्ट
किती वेळा सांगितली, मोजलं नाही.
दर वेळी ऑकलंडवाला जास्त मूर्ख,
दर वेळी बिअर कुणीतरी दुसऱ्याने पाजलेली.
बाहेरच्यांना परवाने बंद करा, असा अर्जही निघाला.
सत्तावीस सह्या. अठ्ठाविसावी माझी.

रात्री कधीतरी तो माझ्या मागच्या दारात आला.
बूट काढले नाहीत, आत आला नाही.
म्हणाला, "नोएलीन, माझाही चाप अर्धा ओढलेला होता.
त्यानं नारिंगी घातलं होतं गं, भडक, सरकारी.
मला ते तांबडंच दिसलं.
मला शिंगंसुद्धा दिसली."
दार उघडं होतं, घरात थंडी शिरत होती.
मी लाव म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी अर्ज चुलीत घातला.
कुणी विचारलं तर सांगते, टपालात हरवला.

यंदा पुन्हा एप्रिल.
मर्डोने वहीत काही लिहिलं की नाही, ठाऊक नाही.
स्वेटर मात्र तोच.
प्रिचर्ड पंपावर आला, एकटा, जॅकेट आता मळलेलं.
गर्दी कुठे, हरणं कुठे, काही विचारलं नाही.
पैसे देताना हळूच म्हणाला,
"तुमचा भाऊ यंदा कुठल्या बाजूला आहे?"

ती जागा मी नवऱ्याला कधी सांगितलेली नाही.
बापाने मरताना दोघांनाच सांगितलेली.

त्याच्या हातातला नकाशा मी ओढून घेतला,
गल्ल्यावर पसरला,
आणि पेट्रोलच्या बोटाने
दाखवलं.