उतार

डोळ्यांच्या डॉक्टरनं नाही म्हटलं
आणि व्हेइक्कोनं त्याच आठवड्यात गाडी विकली.
किल्ली देताना हात आखडला नाही त्याचा,
पण गाडी वळणाआड गेल्यावर
गॅरेजचं दार उघडंच ठेवून
तो आत जाऊन उभा राहिला, तेलाच्या काळ्या डागावर,
जणू तो डाग अजून गरम असावा.

इथे सुतारकाम, म्हणाला.
मी म्हटलं, कर बाबा.
थंडर बेच्या बंदरावर बत्तीस वर्षं गहू मोजलास,
आता भुसा मोज.

आधी वस्तू निघाल्या. तीन टायर, एक मोडकं वल्हं,
रंगाचे डबे, आत रंगाची फक्त साय उरलेली,
आणि हेल्काचे बर्फावर घसरायचे बूट, नऊ वर्षांच्या पायाचे.
टायर शेजारच्या डेल्बर्टनं नेले.
बूट मी परत घरात आणले.
त्यावर कुणीच काही बोललं नाही.

मग भिंतभर खिळे.
एकेका खिळ्याला एकेक हत्यार
आणि त्याच्यामागे काळ्या रंगात, बोटभर जाड,
त्याच हत्याराची आकृती:
रंधा, करवत, गिरमिट, गुण्या,
पटाश्या उंचीनं उभ्या, शाळेतल्या पोरांसारख्या.
एवढी जाड रेघ कशाला, मी विचारलं.
पुढे लागेल, म्हणाला,
उद्या बर्फ पडेल म्हणावं तसं.

उणे तीस. गोंद धरत नाही.
म्हणून गोंदाची बाटली रात्री आमच्याकडे मुक्कामाला, चुलीपाशी,
आणि फळ्या सौनाच्या माळ्यावर.
शनिवारी आम्ही घाम गाळत बसलो
की डोक्यावर बर्चचा गोड वास,
मधेच एखादी फळी कट्कन बोलायची.
वाळतेय, तो म्हणायचा,
आणि आणखी एक पळी पाणी दगडांवर.

गॅरेजची जमीन दाराकडे उतरती,
गाडीवरचं बर्फ वितळून वाहून जावं म्हणून.
आता गाडी नाही, उतार आहे.
कामाच्या टेबलाला म्हणून दाराकडचे पाय दोन बोटं लांब.
तो गुडघ्यावर, मी पाणसळ धरून.
बुडबुडा वाचायचं काम माझ्याकडे आलं होतं,
कधीपासून ते दोघांनीही विचारलं नाही.
डावीकडे. अजून डावीकडे. आता थांब.
थांबलं.

मार्चमध्ये त्याच टेबलाशेजारी, त्याच जमिनीवर
स्टूल झालं, माझ्या स्वयंपाकघरासाठी.
चारही पाय त्यानं अंगठ्यानं तपासले,
कानशीनं कडा मोडल्या, जवसाचं तेल पाजलं.
बुडबुडा, मी सांगितलं, अगदी मधोमध.
खोटं नव्हतं ते.

स्वयंपाकघरात आणलं तर स्टूल कललेलं.
डुगडुगत नाही, पाय पक्के,
फक्त कुणाचं तरी बोलणं चोरून ऐकावं तसं
एका अंगाला झुकलेलं.
त्यानं तळहात फिरवला बैठकीवर, पुन्हा फिरवला.
हे घर वाकडं आहे, म्हणाला.
पाणसळ मी फरशीवर ठेवली.
कुठे आहे?
मधोमध, मी म्हटलं.
मग आधी तो हसला, की मी,
चुलीपाशी गोंदाची बाटली होती, तिला ठाऊक.

पाय कापू दिले नाहीत मी.
करवत घेऊन दोनदा आला, दोनदा परत पाठवला.
खिडकीपाशी ठेवलंय आता.
बसलं की तळ्याकडे झुकायला होतं,
नाही तरी मी तिकडेच बघत असते.

आज त्यावर बटाटे सोलायला ठेवले
आणि विसरले.
एक घरंगळला, टप्, फरशीवर, आणि निघाला दाराकडे.
व्हेइक्को रेडिओ ऐकत बसला होता.
मान वळवली नाही त्यानं.
नुसता पाय पुढे केला, लोकरी मोज्यातला,
आणि बटाटा अडला.