अकरा भोकं

जुहूच्या धावपट्टीमागे, पत्र्याच्या शेडमध्ये
मला बोलावलं ते दात रंगवायला.
नाकाडावर शार्कचा जबडा, लाल हिरड्या,
खिडकीखाली पाच छोटे झेंडे,
पाडलेल्या विमानांचे.
मिरचंदानींनी फोनवर चित्रच धाडलं होतं.
निम्मे पैसे आगाऊ.

मी टॅक्सीचा पेंटर. कुर्ल्याला गॅरेजात एकतीस वर्षं.
विमानाला हात लावला तर गार,
आणि बोटाला मीठ.
"रोज लागतं," बस्त्याव तुस्कानो म्हणाला,
"समुद्र चारशे पावलांवर. रात्री येतो, चाटून जातो.
सकाळी मी तेलाचं फडकं फिरवतो.
एवढीच नोकरी."

एवढीच नव्हती.
सहा वर्षं त्याने त्या सांगाड्यातून
कबुतरांची घरटी उपसली,
गंजके रिव्हेट एकेक करून उडवले
आणि डालड्याच्या डब्यात जपून ठेवले.
नवे बसले तरी जुने टाकवेनात.
"पडलेला दातसुद्धा आपलाच असतो ना, पेंटर?"

सुकाणूवर कापड ताणायला कारागीर मिळेना.
शेवटी वेसाव्याहून मथुरा टपके आली,
जाळी विणून विणून बोटांना चिरा पडलेली.
पुस्तकातली गाठ तिने हात लांब धरून पाहिली.
"ही त आमचीच गाठ. सायबाला कोनी शिकवली?"
आणि सुतळी मेणातून ओढत बसली,
फासळीमागून फासळी,
मधेच सुरमईच्या भावाबद्दल बोलत.

मी पोटाखाली उताणा.
पॉलिश पेपर, पाणी, पॉलिश पेपर.
रुपेरी गेला, त्याखाली हिरवट खाकी,
तोही गेला,
आणि खाली पिवळा.
पिवळ्यावर तिरपा जाडजूड काळा पट्टा.
पुन्हा पिवळा. पुन्हा काळा.
मी आडवाच राहिलो. हातातून पाणी कोपरापर्यंत.
हा रंग मला अंधारातही ओळखू येतो.

बस्त्यावने हाक मारली नाही, नुसता
वेल्डिंगच्या सळयांचा जुडगा घेऊन आला.
शेपटीजवळ भोकं होती, अकरा,
प्रत्येकात एक सळई सरकवली.
अकराही एकाच बाजूला वळल्या,
खाली, मागे, किनाऱ्याकडे.
"तिकडे शत्रू नव्हता," तो म्हणाला.
"तिकडे आपलीच पोरं होती. नेम शिकत होती.
हे मागे दोर सोडून कापडाची लांब बाही ओढायचं,
पोरांनी बाहीवर झाडायचं.
काहींना घाई."

पट्टे त्यासाठीच.
मला नको, मागच्याला मारा.
भिजून फुगलेल्या वहीत एकच ओळ वाचता येत होती,
ती त्याने मराठी करून सांगितली:
बाही शाबूत. विमानाला अकरा भोकं.
मथुरा इतकी हसली की सुई हरवली.
सुई सापडेपर्यंत आम्ही तिघंही जमिनीवर,
आणि मला उगाच तो माणूस आठवत राहिला,
न पाहिलेला,
जो बाराव्या दिवशीही पुन्हा बाही बांधून
उडाला असेल.

मिरचंदानींना फोन लावला.
"मग पाडली किती?"
"एकही नाही."
पलीकडे बराच वेळ एसीचा आवाज.
"लोक तिकीट काढून बघणार काय?"
बस्त्यावने फोन माझ्या हातातून घेतला.
"भोकं," म्हणाला, आणि ठेवला.

उरलेले निम्मे आले नाहीत अजून.
घरी माळ्यावर टॅक्सीचा पिवळा होता, पाऊण डबा,
गॅरेज बंद झालं त्या दिवशी उचललेला.
जुन्या पट्ट्याशी जुळवताना
फक्त चिमूटभर तांबडा घालावा लागला.
तीन दिवस उताण्याने रंगवलं,
डोळ्यात थेंब, मानेत कळ.
भोकांच्या कडा मात्र तशाच ठेवल्या.

चौथ्या सकाळी शेड उघडलं तर
नव्या पिवळ्यावर मिठाचा हात फिरलेला.
बस्त्यावने फडकं माझ्याकडे फेकलं.