उद्धरण

बेलापूरच्या ग्रंथालयात, तिसऱ्या मजल्यावर
मला मोजायचं काम दिलंय:
भूशास्त्राच्या एका त्रैमासिकाची चाळीस वर्षं,
सोळाशे बारा निबंध,
आणि कुणी कुणाला किती वेळा उद्धृत केलं.
साहेब म्हणाले, वाचायचं नाही नाखवाबाई, फक्त मोजायचं.
आई विचारते,
"कोनाचा उद्धार करतंस गो दिसभर?"

मी मोजते.
खिडकीत पारसिकचा डोंगर, एका बाजूने कुरतडलेला.
सुरुवातीची वर्षं जीवाश्मांची,
मग खनिजं, मग तेल.
किल्लारीनंतर सगळे भूकंपाचे झाले;
त्याआधीच्या अंकांत त्या गावांखालच्या खडकाबद्दल
चार ओळी सापडत नाहीत मला.
त्सुनामीनंतर दोन वर्षं नुसत्या लाटा.
आलेख रंगवून दिला. साहेब खूश. ट्रेंड छान दिसतोय.
मला इतकंच दिसलं
की माणसं गेली की रेघ वर जाते.

सहाशे अकरा निबंधांसमोर शून्य.
शून्य म्हणजे कुणी वाचलं नाही असं नव्हे,
वाचून कुणी सांगितलं नाही.
मीठ नेऊन वाटी परत न करणारे शेजारी असतात, तसं.
आणि ज्यांचा आकडा नव्वदीच्या वर,
ते सहा जण आलटूनपालटून एकमेकांच्याच घरी जेवतात.
तक्त्यात ते स्वच्छ दिसतं.
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

गुरुवारी, ओळ चारशे तीस.
सन सत्त्याऐंशी. लेखक मो. ना. टिपणीस.
तुर्भे खाणीतल्या बेसॉल्टला छेदणारी एक भित्ती.
सात पानं, हाताने काढलेला नकाशा.
उद्धरण एक,
तेही त्यांचंच, त्यांनीच, तीन वर्षांनी.
नियमाप्रमाणे स्वतःचं वजा.

मी वाचायला नको होतं.
पण तुर्भे माझं गाव.
पान चौथं: "नमुने दोन सुरुंगांमधल्या वेळेत गोळा केले."

दुपारचा एक. भोंगा.
आई ओरडायची, "भांरी काढ गो खाली, बार हाय आता."
मी मांडणीवरची ताटं एकेक उतरवून
जमिनीवर लावायची.
मग घर हलायचं.
मग ताटं परत वर.
म्हणजे आम्ही ताटं पुसून परत लावत होतो
त्याच वेळात
एक माणूस हातोडी घेऊन वर चढत होता
आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वी
भेगेत येऊन थिजलेल्या दगडाची
जाडी मोजत होता. दोन मीटर चाळीस.

शेवटी आभार:
"सुरुंगवाले श्री. हणमंता धोत्रे,
ज्यांनी पहारीच्या आवाजावरून
दगड कुठे बदलतो ते दाखवलं."
आभारांना माझ्या तक्त्यात रकाना नाही.

रविवारी नकाशा घेऊन गेले.
खुणेच्या जागी शीतगृह आहे.
पहारेकरी म्हणाला, काय शोधताय?
म्हटलं, इथे एक भिंत होती.
कंपाउंडची ना? पाडली ती.

खडी झाली असणार तिची.
कुठल्या तरी पुलात, नेरूळच्या एखाद्या फलाटात,
बहुधा या ग्रंथालयाच्याही खांबात.
इतक्या जणांनी वापरली,
नाव कुणी घेतलं नाही.

अहवाल पाठवायच्या आदल्या संध्याकाळी
संदर्भयादीत, बासष्टाव्या क्रमांकावर
टिपणीसांना बसवलं. साल, खंड, पानं.
धोत्र्यांचं नाव घालायला जागा नसते तिथे,
तरी घातलं.
साहेब म्हणाले, हे आत कुठे वापरलंय?
पान नऊ, मी म्हटलं.
पान नऊवर शून्यांचा रकाना आहे.
त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

आमचा अहवाल कुठल्याच मोजणीत धरत नाहीत,
हे दोघांनाही माहीत होतं.
सही केली त्यांनी.