खाच

मंगळवारी माझी सुट्टी असते
आणि मंगळवारीच संग्रहालयात पेन्शनरांना चहा अर्ध्या किमतीत,
त्यामुळे शेफील्डमधल्या त्या विटांच्या इमारतीत
मी सोडले तर सगळे सत्तरीच्या पुढचे.

बाहेर डॉन नदी, चहाच्याच रंगाची.
पाटी सांगते, भट्ट्या सुरू होत्या तेव्हा पाणी कोमट असायचं,
इतकं कोमट की काठावर अंजिरं रुजली.
या गारठ्यात, अंजिरं.
मी पाटी पुन्हा वाचली.

आत काचेमागे कात्र्या, वस्तरे,
हरणाच्या शिंगाच्या मुठी,
आणि एक चाकू, इतक्या पात्यांचा
की त्यानं कुणी कधी साधं सफरचंदही कापलं नसणार.
शेजारी तपकिरी कागद आणि सुतळी.
चमच्यांना झिलई देणाऱ्या पोरी तो कागद अंगाभोवती गुंडाळायच्या,
घरी जाताना चुरगळून टाकायच्या.
हा एक कसा राहिला कोण जाणे.
धार लावणारे किती वर्षं जगायचे तेही लिहिलंय खाली.
मी चष्मा काढला.

माहिती सांगायला एक म्हातारा. छातीवर बिल्ला:
नेव्हिल स्टॅनिफोर्थ.
मी ओळखते त्यांना. ते मला नाही ओळखत,
गणवेशाशिवाय कुणीच ओळखत नाही.

मार्च महिन्यात माझ्या खोलीत बसले होते ते,
जाड दाराच्या, जिथे स्वतःचं गिळणंही ऐकू येतं.
शिट्टी वाजली की बटण दाबायचं, मी सांगितलं.
बटण हातात धरून ते शहाण्या मुलासारखे वाट पाहत राहिले.
थोड्या वेळानं म्हणाले, "सुरू कधी करणार?"
अकरा शिट्ट्या वाजून गेल्या होत्या.
कागदावर रेघ बरी चालत येते
आणि चार हजारांपाशी खाली कोसळते.
आम्ही तिला खाच म्हणतो.
सव्वीस वर्षं वाफेच्या घणाखाली, त्यांनी सांगितलं,
जणू पत्ता सांगावा तसं.

एक वाजता ते जुनं इंजिन चालवून दाखवतात.
त्याआधी नेव्हिलनी मी बसवलेली दोन्ही यंत्रं कानांतून काढली,
तंबाखूच्या डबीत ठेवली, झाकण लावलं,
कठड्यावर तळवा टेकवला.
आणि ते सुरू झालं.
सगळ्यांचे हात कानांवर.
फरशी, बरगड्या, दाढांमधलं सिमेंट,
सगळं त्याच्या ताब्यात.
फक्त ते एकटे मान किंचित कलती करून उभे,
कुणी नाव घेऊन हाक मारतंय असे.

शिरोलीच्या फौंड्रीतून बाबा यायचे
ते मोठ्यानं बोलतच.
मीठ मागितलं तरी आम्हाला वाटायचं, चिडलेत.
मागे सांडशी पडली तरी वळायचे नाहीत.
चौदाव्या वर्षी मी एक युक्ती काढली:
उत्तर हळू द्यायचं. मुद्दाम.
"काय म्हणालीस?"
"काही नाही."
किती तरी वर्षं, जेवताना, एवढंच.
त्यांची रेघ कुणी काढली नाही.
मी हे शिकले तोवर
काढायला ते उरले नव्हते.

इंजिन दमत दमत थांबलं.
तेलाचा वास, कुणाच्या तरी कपाची किणकिण.
नेव्हिल माझ्याकडे वळले, डोळ्यांत पाणी किंवा वाफ.
"ऐकलंस, लव्ह?"
इथे बसचा ड्रायव्हरसुद्धा लव्ह म्हणतो, त्यात काही नसतं.
हो, मी म्हटलं.
डबी अजून त्यांच्या हातात, बंद.
म्हणून पुन्हा म्हटलं, हो, ऐकलं,
इतक्या मोठ्यानं
की चहाच्या रांगेतली डोकी वळली.

"अगं, ओरडतेस काय," ते म्हणाले,
"मी बहिरा आहे का?"